तोंडात तीन बोटं जातात का? जबड्याचं दुखणं आणि घरी करायचे व्यायाम

(हा पॉडकास्टच्या भागाचा लिखित मजकूर आहे. बोलणं जसं झालं तसंच ठेवलंय, फक्त अडखळणं काढलंय. व्यायाम येईल तिथे थांबा, करून बघा आणि मग पुढे वाचा.)

मागे जो आवाज येतोय तो पत्र्यावरचा पाऊस आहे. त्याचं मी काही करू शकत नाही, कारण आज मी घाटघरहून बोलतेय. आमचं गाव ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. जुन्नर तालुक्याचं हे पश्चिमेकडचं टोक. डोक्यावर जीवधन, पुढे नाणेघाट. पावसाळ्यात रील काढायला नाणेघाटात जी गर्दी येते, ती आमच्याच खाचरांच्या बाजूने पुढे जाते. तर सध्या आवणी चालू आहे, म्हणून मी चार दिवस घरी आलेय. दोन दिवस गाळात वाकून कंबरेचा पार भुगा झालाय. फिजिओथेरपिस्ट असले म्हणून कंबर सोडत नाही हो कुणाला.

पण आजचा विषय कंबर नाही. आजचा विषय आहे जबडा. आणि तो मला परवा खाचराच्या बांधावर सापडला.

दुपारी सगळे जेवायला बसलो होतो. नाचणीची भाकरी, कालवण, कांदा. माझा चुलतभाऊ, वय २४, चाकणला कंपनीत आहे, बऱ्याचदा नाईट शिफ्ट. तो भाकरीचे एवढेएवढे तुकडे करून, एकाच बाजूने, हळूहळू चावत होता. अर्धी भाकरी खाऊन उठला. आवणीच्या दिवशी अर्धी भाकरी? मी म्हटलं, "काय रे, काय झालं?"

"काही नाही ताई. दाढ."

"अरे, ती दाढ तर दोन महिन्यांपूर्वी काढलीस ना?"

"काढली. पण दुखतंय अजून. तसंच."

मी म्हटलं, बस इथे. हात धुतले, त्याच्या दोन्ही गालांवर बोटं ठेवली आणि सांगितलं, दात आवळ. उजव्या गालातला स्नायू असा टणक लागला, जणू गोटा. म्हटलं, आता सोड. त्याने सोडलं, पण स्नायू काही पूर्ण सुटला नाही. त्या गाठीवर जरा दाबलं तर दचकला. "हेच! ताई, हेच दुखतं. दाढेतच जातं ते."

तर मंडळी, त्याची ती दाढ किडलेली होती की नव्हती, हे मला आता सांगता येणार नाही. पण उरलेलं दुखणं दाढेचं नव्हतं, स्नायूचं होतं. आणि ही फसगत फार लोकांची होते. म्हणून आजचा भाग.

दुखतं कुठे, वाटतं कुठे

आता माझ्याबरोबर करा. दोन्ही हातांची बोटं गालांवर ठेवा, कानाच्या खालच्या पाळीच्या थोडं पुढे. दात आवळा. जे फुगतं ना, तो मासेटर. घास चावणारा मुख्य स्नायू. आता बोटं कानशिलावर न्या आणि परत आवळा. तिथेही हलतंय? तो टेंपोरालिस. दात खाऊन खाऊन डोकं दुखतं ते बरेचदा याच्यामुळे. आता बोटं कानाच्या अगदी पुढे ठेवा आणि तोंड उघडा, मिटा. तिथे काहीतरी सरकतं. तो जबड्याचा सांधा. आत हाडांच्या मध्ये एक छोटी चकती असते. तोंड उघडताना जबडा आधी जागच्या जागी फिरतो आणि मग पुढे सरकतो. ती चकती मागेपुढे झाली की 'कट' असा आवाज येतो. नुसता आवाज येत असेल, दुखत नसेल, अडकत नसेल, तर घाबरू नका. खूप लोकांना असतो.

गंमत अशी की मासेटर दुखला तर ते दुखणं दाढेत जाणवतं. टेंपोरालिस दुखला तर वरच्या दातांत आणि डोक्यात. आतले लहान स्नायू दुखले तर कानात. म्हणून माणूस कधी दाताच्या डॉक्टरकडे, कधी कानाच्या डॉक्टरकडे फिरत राहतो. आपली काही त्याला ना नाही, दात आणि कान तपासलेच पाहिजेत. पण तपासून सगळं ठीक निघालं तरी दुखत असेल, तर गालावर बोट ठेवून बघा. दाबल्यावर तुमचं तेच ओळखीचं दुखणं उमटलं, तर स्नायूवर संशय घ्यायला जागा आहे.

हा स्नायू दमतो कशाने?

एक साधी गोष्ट. घास चावताना आणि गिळताना सोडलं, तर दिवसभर वरचे आणि खालचे दात एकमेकांना टेकायचं काहीच कारण नसतं. आता या क्षणी तुमचे दात टेकलेले आहेत का? बघा. अनेकांचे असतील. गाडी चालवताना, गेम खेळताना, बॉसचा मेसेज वाचताना आपण दात आवळून बसतो आणि आपल्याला पत्ताच नसतो. भावाला विचारलं तर म्हणाला, "मशीनवर टार्गेट असतं ताई, तेव्हा आवळतच असणार मी." त्यात रात्रीची ड्युटी, दिवसा अर्धवट झोप. झोपेत काही जण करकर दात खातात, ते वेगळंच. सकाळी उठल्याउठल्या जबडा आवळलेला वाटत असेल, तर रात्री काहीतरी चालू आहे असं समजा.

आणि आपले फोन. मान पुढे काढून तासन् तास स्क्रीन बघायची. डोक्याचं वजन साडेचार-पाच किलो असतं, ते पुढे गेलं की मानेचे स्नायू ताणतात आणि मान आखडली की जबडाही मोकळा राहत नाही. शिवाय पालथं पडून हनुवटीखाली हात ठेवून व्हिडिओ बघायचे, खांद्यात फोन धरून बोलायचं. हे सगळं जबड्याच्या खात्यात जमा होतं.

अजून एक, तुमच्यापैकी पोरांसाठी खास. ते जॉलाइनचे रील. रबराचा गोळा चावा, कडक च्युइंगगम तासभर चावा, गाल कोरीव होतील. अरे बाबांनो, त्याने मासेटर दमतो. ज्याचा जबडा आधीच आवाज करतोय त्याने तर तो गोळा कुत्र्याला खेळायला द्यावा.

पहिली तपासणी: तीन बोटं

आता तोंड मोठं उघडा. स्वतःच्या हाताची तीन बोटं, पहिलं, मधलं आणि अनामिका, एकमेकांना चिकटवून, उभी करून समोरच्या दातांमध्ये घालून बघा. हात धुतलेत ना? मोठ्या माणसाचं तोंड साधारण ४० मिलिमीटर किंवा त्याहून जास्त उघडतं, म्हणजे आपापली तीन बोटं जातात. दोनच जात असतील तर तोंड कमी उघडतंय.

आता फोनचा सेल्फी कॅमेरा लावा आणि हळू तोंड उघडताना बघा. हनुवटी सरळ खाली जाते की एका बाजूला वळते? भावाची उजवीकडे वळत होती, आणि बोटं अडीच. तिसरं घालताना दुखत होतं.

ही तीन बोटं लक्षात ठेवा, पुढे परत लागणार आहेत.

व्यायाम

एक नियम आधी. दुखण्याला शून्य ते दहा मार्क दिले, तर व्यायाम करताना तीनच्या वर जायचं नाही. ओढ जाणवली पाहिजे, कळ नाही. आणि दुसऱ्या दिवशी दुखणं वाढलं तर आपण जास्त केलं, कमी करायचं. जबडा म्हणजे जिमची मांडी नाही.

एक. आरामाची जागा. 'न' म्हणा आणि तिथेच थांबा. जीभ वरच्या पुढच्या दातांच्या मागे, टाळूला टेकलीय ना? तिला तिथेच राहू द्या. ओठ मिटा, दात सुटे ठेवा, नाकाने श्वास घ्या. ओठ बंद, दात सुटे, जीभ वर. दिवसातून जितक्या वेळा आठवेल तितक्या वेळा. भावाने फोनच्या वॉलपेपरवरच लिहून टाकलंय: 'दात सुटे'. ही व्यायामासारखी दिसत नाही, पण सगळ्यात जास्त काम हीच करते.

दोन. शेक. गरम पाण्यात टॉवेल भिजवून घट्ट पिळा, मनगटावर लावून बघा, चटका नको. गालावर १५ ते २० मिनिटं. गार झाला की परत भिजवा. चुलीवर पाणी गरम आहेच, त्यात खर्च काही नाही. मात्र गाल सुजलेला, लाल असेल किंवा ताप असेल तर शेक नको, डॉक्टर गाठा.

तीन. मालिश. शेकल्यानंतर दोन बोटांनी मासेटरवर गोल गोल, हलक्या दाबाने, एक-दोन मिनिटं. मग गालाच्या हाडापासून खाली जबड्याच्या कडेपर्यंत बोटं ओढत आणा. तसंच कानशिलावर. दात सुटे ठेवूनच.

चार. जीभ लावून उघडणं. जीभ टाळूला तशीच ठेवा आणि तोंड हळू उघडा. जीभ सुटायला आली की थांबा. मिटा. सहा वेळा. कॅमेऱ्यात बघून, हनुवटी सरळ रेषेत ठेवायची. जीभ टाळूला असली की जबडा फार पुढे सरकत नाही, त्यामुळे सांध्यावर जोर न येता स्नायूला सवय लागते.

पाच. अंगठ्याचा विरोध. अंगठा हनुवटीखाली ठेवा. जीभ टाळूलाच. आता तोंड किंचित उघडायचा प्रयत्न करा आणि अंगठ्याने अगदी हलकेच अडवा. सहा सेकंद. सोडा. सहा वेळा. तोंड उघडणारे स्नायू कामाला लागले की आवळणाऱ्या स्नायूंना सैल पडावं लागतं, हे यामागचं कारण.

सहा. ताण. शेक आणि मालिश झाल्यावरच. अंगठा वरच्या पुढच्या दातांना, पहिलं बोट खालच्या दातांना लावा, कात्रीसारखं, आणि तोंड जिथपर्यंत आपसूक उघडतं त्याच्या जरासंच पुढे न्या. १० सेकंद धरा. श्वास रोखू नका. पाच वेळा, दिवसातून दोनदा. जबडा अडकत असेल, किंवा पूर्वी उघडाच राहिला असेल, तर हा व्यायाम दाखवून घेतल्याशिवाय करू नका.

सात. मान. भिंतीला पाठ लावून उभे राहा. नजर समोर. हनुवटी आत, मागे सरकवा, म्हणजे दुहेरी हनुवटी दिसेल अशी. सहा सेकंद. सहा वेळा. सेल्फी चांगला येणार नाही, मान मात्र सुटेल.

यातले काही प्रकार मारियानो रोकाबादो नावाच्या चिलीच्या फिजिओथेरपिस्टने बसवलेल्या व्यायामांवरून आलेत. त्याची पद्धत '६ बाय ६' म्हणून प्रसिद्ध आहे: सहा व्यायाम, प्रत्येकी सहा वेळा, दिवसातून सहादा. आपल्याला सहादा जमणार नाही, मला माहीत आहे. तीन-चारदा करा. चहाच्या वेळेला जोडून टाका.

आणि सोबत काही दिवस दमानं खा. भाकरी कालवणात कुस्करून. ऊस, फुटाणे, च्युइंगगम बंद. दोन्ही बाजूंनी चावा. जांभई आली की मूठ हनुवटीखाली ठेवा, म्हणजे तोंड भसकन उघडणार नाही. पण महिनोन् महिने पेजेवर राहू नका, स्नायूला काम हवंच. दुखणं उतरेल तसं पुन्हा नेहमीच्या जेवणावर या.

फरक पडायला दोन-चार आठवडे द्या. स्नायूचं दुखणं असेल तर बहुतेकांना एवढ्यावर आराम पडतो. झोपेत दात खाणं मात्र या व्यायामांनी थांबत नाही. त्यासाठी दातांचे डॉक्टर मापाचा नाईट गार्ड करून देतात, आणि झोपेचं वेळापत्रक बघावं लागतं.

आणि मग संध्याकाळी

इथपर्यंतचा भाग मी परवाच रेकॉर्ड केला असता. पण संध्याकाळी भावाचा मित्र आला. ओट्यावर बसला. भाऊ त्याला माझी तीन बोटांची गंमत दाखवायला लागला. "घालून बघ, घालून बघ." त्याने घातली. दीड बोट. हसत होता, म्हणाला, "आपलं तोंडच लहान आहे."

मी विचारलं, दुखतं का? नाही म्हणाला. अजिबात नाही. तिखट लागतं का? म्हणाला, "आग होते. म्हणून तर आई माझी भाजी वेगळी काढते." शिट्टी वाजवून दाखव म्हटलं. जमेना. गाल फुगव म्हटलं. तेही धड जमेना. खिशात सुपारीची पुडी होती. वय २६.

मंडळी, हा भावाचा आजार नाही. हा वेगळा आहे आणि माझं हसू तिथेच थांबलं.

याला ओरल सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. सुपारी चघळून चघळून गालाच्या आतल्या नाजूक अस्तराखाली तंतू साठत जातात, गाल आतून दोरीसारखा ताठ होतो, अस्तर पांढुरकं पडतं. हळूहळू तोंड उघडणं कमी होतं. हा रोग आपल्याकडचाच, म्हणजे जिथे सुपारी तिथला. मुंबईच्या डॉ. जोशींनी १९५३ मध्ये त्याला सबम्युकस फायब्रोसिस असं नाव दिलं. गुटखा, मावा, सुगंधी सुपारी, सगळ्यात सुपारी असतेच. महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली. तरी पुडी कुठे मिळते हे मी तुम्हाला सांगायला नको.

"मी तंबाखू खात नाही, फक्त सुपारी खातो" असं म्हणणारे खूप आहेत. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ च्या अहवालात स्पष्ट म्हटलंय की तंबाखू नसलेली सुपारीसुद्धा कर्करोग करते. आणि हा फायब्रोसिस झालेल्या तोंडात पुढे कर्करोग होण्याचा धोका असतो. प्रत्येकाला होतो असं नाही, पण म्हणूनच तपासणी चुकवायची नाही.

यात तोंड उघडायचे व्यायाम आहेत का? आहेत. आइस्क्रीमच्या काड्या एकावर एक रचून दातांमध्ये धरायच्या, आणि दर काही दिवसांनी एक काडी वाढवायची. जबडा उघडायचं स्क्रूचं साधनही असतं. पण ते डॉक्टरांच्या औषधोपचाराबरोबर, त्यांनी सांगितल्यावर. जे तंतू झालेत ते व्यायामाने विरघळत नाहीत. आहे तेवढं उघडणं टिकवायचं, जमेल तेवढं वाढवायचं, एवढंच. आणि सुपारी चालू ठेवून व्यायाम करणं म्हणजे खाचराचा बांध फुटलेला असताना वरून पाणी सोडणं.

म्हणून नीट लक्षात ठेवा. दुखतंय, सकाळी आवळलेलं असतं, गालावर दाबलं की ओळखीची कळ येते: बहुधा स्नायू. दुखत नाही, पण तोंड महिन्यामहिन्याने लहान होतंय, तिखटाने आग होते, सुपारी किंवा गुटख्याची सवय आहे: व्यायाम शोधत बसू नका, आधी तोंड दाखवा. ही बाब फक्त पोरांची नाही. आमच्याकडे घरोघरी मशेरी लावणाऱ्या काकू, आज्या आहेत. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. त्यांच्या तोंडात दोन-तीन आठवड्यांत न भरणारा चट्टा किंवा फोड दिसला, तर त्यांनाही घेऊन जा. सरकारी कार्यक्रमात ३० वर्षांपुढच्यांची तोंडाची तपासणी आरोग्य केंद्रात होते, पण तुम्हाला त्रास असेल तर तीस व्हायची वाट बघू नका. सुपारी-तंबाखू सोडायला मदत हवी असेल तर राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, फुकट आहे: १८००-११-२३५६.

हे दिसलं तर थांबायचं नाही

पटकन सांगते, पण हे महत्त्वाचं आहे.

आवणीत, काढणीत विळा लागतो, काटा रुततो, गंजलेली पत्रा-तार लागते. त्यानंतर काही दिवसांनी, साधारण तीन आठवड्यांच्या आत, जबडा ताठ व्हायला लागला, तोंड उघडेना, गिळायला त्रास व्हायला लागला, तर तो धनुर्वात असू शकतो. शेक नको, मालिश नको, थेट दवाखाना. आणि जखम झाल्याझाल्याच धुऊन, इंजेक्शनबद्दल विचारून या.

जबड्याबरोबर छातीत दुखणं, घाम, दम, डावा हात जड: हृदयाचं असू शकतं. १०८ ला फोन.

गालाला सूज, ताप, गिळता येत नाही: दातातला संसर्ग पसरत असू शकतो. त्याच दिवशी जा.

पन्नाशीच्या पुढचं माणूस, नवीनच डोकेदुखी, चावताना जबडा दमतो, दिसायला काही वेगळं वाटतं: लगेच. डोळ्यांवर बेतू शकतं.

पडल्या-झडल्यावर दात नीट बसत नाहीत, किंवा जबडा उघडाच राहिला: लगेच.

शेवटी

भाऊ आज सकाळी चाकणला परत गेला. चार दिवसांत दुखणं गेलं, असं मी म्हणणार नाही, कारण गेलं नाही. पण काल रात्री पाऊण भाकरी खाल्ली, आणि जेवताना त्याची आई मध्येच ओरडली, "दात सुटे!" सगळं घर हसलं.

मित्राचं अवघड होतं. इथून जुन्नर म्हणजे तीसेक किलोमीटर, एक दिवसाची मजुरी जाते, आणि दुखत नसताना डॉक्टरकडे कशाला, हा त्याचा प्रश्न. मी खूप बोलले. तो मान खाली घालून ऐकत होता. शेवटी भाऊच म्हणाला, "पुढच्या सुट्टीला मी येतो, माझ्या गाडीवर जाऊ. तोवर पुडी माझ्याकडे दे." त्याने थोडा वेळ घेतला, पण दिली. पुढची सुट्टी लांब आहे, म्हणून मीच त्याला सोमवारी घेऊन जाणार आहे. काय होतं ते पुढच्या भागात, त्याने परवानगी दिली तरच सांगेन.

तुम्ही आज एकच करा. हा भाग संपला की घरातल्या सगळ्यांना तीन बोटं घालून बघायला सांगा. हसतील, हसू द्या. ज्याची जात नाहीत, त्याच्याशेजारी जाऊन बसा आणि विचारा, दुखतं का?

चला, पाऊस थांबलाय, मला खाचरात बोलावतायत. काळजी घ्या. ओठ बंद, दात सुटे, जीभ वर. भेटूया.